सूज दोन दिवसांची, धास्ती रोजची

आम्ही दोघी जावा. घर एक, चूल एक. थोरली शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून लिहिण्याचं काम तिच्याकडे आलं. धाकटी घरी पिको-फॉल करते आणि लिहिलेलं वाचून दाखवलं की मध्येच थांबवून म्हणते, "भाभी, असं नव्हतं झालं." तिने दुरुस्त केलेलंच इथे लिहिलं आहे. म्हणून या लेखात 'आम्ही' म्हणजे दोघी. जिथे आम्हा दोघींचं जमलं नाही, तेही सांगितलं आहे. ते लपवलं असतं तर हा लेख लिहिण्यात अर्थ नव्हता. घरातल्या सगळ्यांची परवानगी घेतली आहे. नावं नकोत, एवढीच सगळ्यांची अट होती.

आमच्या घरात एक आजार आहे. अंगावर अचानक सूज येते. कधी हातावर, कधी पावलावर, कधी ओठांवर, कधी पोटात आतड्यांना, आणि कधी घशात. खाज नाही, पित्त उठल्यासारखे लाल चट्टे नाहीत. सूज दिवसभर चढत जाते, दोन-तीन दिवस राहते, कधी पाच. उतरली की माणूस असा हिंडू-फिरू लागतो की बघणाऱ्याला वाटावं, याला काही झालंच नव्हतं. या आजाराचं नाव हेरेडिटरी अँजिओएडिमा, थोडक्यात एचएई. म्हणजे वारशाने आलेली सूज. साधारण ५० हजार माणसांत एकाला हा आजार असतो. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी हा आकडा सांगितला तेव्हा धाकटी म्हणाली, "मग आमच्या एका घरात चार कसे?"

या चौघांची गोष्ट आमच्या सासूबाईंपासून सुरू होते. आम्ही दोघींनीही त्यांना पाहिलेलं नाही. १९९६ साली अम्मींची दाढ काढली. संध्याकाळी गाल सुजला, रात्री आवाज बसला, मग श्वास अडकू लागला. दवाखान्यात ॲलर्जीची इंजेक्शनं दिली, पण उतार पडला नाही. फजरच्या अजानीआधी त्या गेल्या. अल्लाह त्यांची मगफिरत करो. घरात पुढे एवढंच सांगितलं जायचं की दाताचं इंजेक्शन लागलं. अम्मींचे वडीलही घसा सुजूनच गेले होते, हे नात्यातल्या एका म्हाताऱ्या खालांना ठाऊक होतं. पण या दोन मौती कुणी एकमेकींना जोडून पाहिल्या नाहीत.

पुढच्याच वर्षी धाकट्या मुलाचा हात सुजला. घरात सगळे त्यांना 'छोटे' म्हणतात, आम्हीही इथे तेच म्हणू. तेव्हा ते सातवीत होते. हात पावासारखा फुगला आणि तीन दिवसांनी आपोआप उतरला. कुणी म्हणालं किडा चावला, कुणी म्हणालं नजर लागली. ताविज झाले, दम झाले, वैद्य झाले. २२व्या वर्षी पोटात एवढ्या कळा आणि उलट्या झाल्या की अपेंडिक्स समजून पोट उघडलं. अपेंडिक्स चांगलं निघालं. आता कळतं की ती आतड्यांची सूज होती. या आजारात असं पुष्कळांचं होतं. पोटाची सूज बाहेरून दिसत नाही आणि चांगल्या पोटावर ऑपरेशनं होतात.

आजाराचं नाव कळायला छोटेंना २० वर्षं लागली. २०१७ मध्ये एका रात्री त्यांचा चेहरा सुजला आणि आवाज घोगरा झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. पुन्हा तीच ॲलर्जीची इंजेक्शनं, पुन्हा काही फरक नाही. पण त्या रात्री ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी तीन प्रश्न विचारले. खाज सुटते का? अंगावर गांधी उठतात का? घरात आणखी कुणाला अशी सूज येते का? भाईजान, म्हणजे थोरलीचे मिस्टर, तिसऱ्या प्रश्नावर म्हणाले, "आमची आई अशीच गेली." डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांनी छोटेंना आयसीयूत घेतलं, गळ्यातून नळी घालायची तयारी ठेवली आणि रक्तपेढीतून प्लाझ्मा मागवून दिला. सकाळी घसा मोकळा होऊ लागला. मग एका चिठ्ठीवर त्यांनी तपासण्या लिहून दिल्या. रिपोर्टमध्ये सी-४ नावाचा घटक खूप कमी आला आणि सी-१ इनहिबिटर जवळजवळ नव्हतंच.

थोरलीला शिकवायची सवय, म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्या रक्तात सी-१ इनहिबिटर नावाचं प्रथिन असतं. ते लगामाचं काम करतं. हा लगाम कमी पडला की ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य जास्त तयार होतं आणि बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. ते पाणी आजूबाजूच्या मांसात उतरतं, तीच सूज. ॲलर्जीची सूज हिस्टामिनने येते, तिची वाट वेगळी. म्हणून ॲलर्जीच्या गोळ्या, स्टेरॉइड, ॲड्रेनलिन यांचा या सुजेवर उपयोग होत नाही. अम्मींना त्या रात्री दिलेली औषधं वाईट नव्हती. ती दुसऱ्या आजाराची होती. खरं तर हा आजार घराण्यात उतरतो हे विल्यम ऑस्लर या डॉक्टरांनी १८८८ साली एका कुटुंबाच्या पाच पिढ्या पाहून लिहून ठेवलं होतं. १९६३ मध्ये यात कोणतं प्रथिन कमी असतं तेही सापडलं. अम्मी त्यानंतर ३३ वर्षांनी गेल्या. ज्ञान होतं, पण आमच्या गावापर्यंत पोचलं नव्हतं.

आता धाकटीचा प्रश्न, एका घरात चार कसे. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला हा आजार असला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता अर्धी असते. प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडतं. मुलगा-मुलगी असा भेद नाही. घरात सगळ्यांची तपासणी केली तेव्हा भाईजानही त्यात निघाले. त्यांचे ओठ आयुष्यात दोनदा सुजले होते, त्यांना वाटलं मधमाशी असेल. एकाच रक्ताचे दोन भाऊ, एकाला महिन्यातून दोनदा सूज, दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही. या आजारात असं होतं. थोरलीच्या मुलीला आहे, मुलाला नाही. धाकटीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याच्याही रक्तात आहे, पण अजून सूज आलेली नाही. अल्हमदुलिल्लाह.

ही बातमी मोहल्ल्यात पसरली तेव्हा दोन तऱ्हेचे टोमणे आले. पहिला, "नात्यात लग्नं केली की असंच होतं." आमच्या दोघींचंही लग्न नात्यात झालेलं नाही. आणि नात्यातल्या लग्नाने काही आजारांचा धोका वाढतो हे खरं असलं, तरी हा आजार तसा नाही. तो एकाच पालकाकडून येऊ शकतो. चारातल्या एका रुग्णाच्या घराण्यात तर तो आधी कुणालाच नसतो, त्याच्यापासूनच सुरू होतो. दुसरा टोमणा, "सुनांनी आणलं." याचं उत्तर आमच्या वतीने भाईजाननीच मशिदीच्या पायरीवर दिलं. "माझ्या आईकडून मला आलं, माझ्याकडून मुलीला. यात तिच्या आईचं काही नाही."

नाव कळलं, औषधं सुरू झाली, तरी आमचं घर सुखी झालं नाही. ते का, हे आम्हाला एका कागदाने दाखवलं.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा छोटेंच्या हातात एक इंग्रजी फॉर्म दिला. या सुजेच्या रुग्णांसाठी जर्मनीत तयार झालेली १७ प्रश्नांची प्रश्नावली. मागच्या चार आठवड्यांत आजाराने तुमच्या जगण्यावर किती परिणाम केला, ते त्यात विचारतात. कामधंदा, झोप, थकवा, मनाची उमेद, खाणंपिणं, भीती, लाज. थोरलीने दवाखान्याच्या बाकावर बसून एकेक प्रश्न मराठीत समजावून सांगितला. त्या चार आठवड्यांत छोटेंना दोनदा सूज आली होती, एकूण पाच दिवस. कामाच्या प्रश्नांवर ते म्हणाले, "कधी कधी." ते शिंपी आहेत. कात्री तासभर दाबून धरली की हात सुजतो, म्हणून जाड कापडाचं कटिंग आता ते दुसऱ्याकडून करून घेतात. खाण्याच्या प्रश्नांवर, "क्वचित." मग भीतीचे प्रश्न आले. अचानक सूज येईल याची भीती? "नेहमी." लोकांत सुजलेला चेहरा घेऊन जायची लाज? "नेहमी." आणि हळूच म्हणाले, "भाभी, हे दुल्हनला सांगू नका." दुल्हन म्हणजे धाकटी. ती त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती.

सूज २८ दिवसांतले पाच दिवस होती. धास्ती २८ दिवस होती. त्या दिवसापर्यंत आम्ही फक्त सूज मोजत होतो.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पाहिला, पेन खाली ठेवलं आणि आमच्याकडे बघून विचारलं, "तुम्ही दोघी झोपता का?"

एवढ्या वर्षांत आम्हाला कुणी हे विचारलं नव्हतं. धाकटीला रडू आलं. थोरली उगाच हसली.

नाहीच झोपत आम्ही. घशाची सूज येण्याआधी आवाज बदलतो, म्हणून धाकटी रोज सकाळी छोटेंचा पहिला शब्द कान देऊन ऐकते. रात्री ते घोरायचे थांबले की ती जागी होते. कित्येक वर्षांत ती माहेरी दोन रात्रींपेक्षा जास्त राहिली नाही. थोरलीच्या किरकोळ रजा दिवाळीआधीच संपतात. लग्नाची दावत आली की आम्ही आधी पाहतो, त्या गावापासून मोठा दवाखाना किती लांब आहे. ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर घरातल्या भिंतीवर लिहिला आहे. आणि वर हे कुणाला सांगायचं? आजारी ते आहेत, आम्ही तर धडधाकट. आपल्याकडे बाईने सेवा केली तर तिला सवाब मिळतो असं सांगतात, आणि ते खरंच आहे. पण सवाब मिळणाऱ्या बाईलाही झोप लागते.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर छोटे जे बोलले ते आम्हाला लागलं, पण खरं होतं. "मला महिन्यातून दोनदा सूज येते. तुम्ही दोघी दिवसातून दहा वेळा विचारता, कसं वाटतंय. तुम्ही मला रोज आजारी करता."

मग आम्ही चौघांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. आम्ही विचारायचं नाही. त्यांनी सांगायचं, आणि पहिल्याच खुणेला सांगायचं. आवाज बदलला तर 'सकाळी बघू' हा शब्द कुणी काढायचा नाही. प्रत्येक सुजेची तारीख, जागा आणि आधी काय झालं होतं ते वहीत लिहायचं. इकॅटिबंट नावाचं इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली घरीच घेता येतं, ते द्यायला भाईजाननीही शिकायचं. आजवर ते फक्त धाकटीला येत होतं. आणि महिन्यातला एक रविवार धाकटीचा, एक थोरलीचा. त्या दिवशी तिने फोन घरी ठेवून हवं तिथे जावं, पहारा दुसरीचा. धाकटी पहिल्या रविवारी बहिणीकडे गेली आणि दुपारभर झोपून आली.

सांगायला सोपं वाटतं. न विचारता राहणं हे आम्हाला इंजेक्शन शिकण्यापेक्षा अवघड गेलं. तिच्या मुलाच्या बाबतीत तर फार. धाकटी त्याला कबड्डी खेळू देत नव्हती. छोटे म्हणाले, "त्याला अजून सूज आलेली नाही आणि तू त्याला आत्तापासून कोपऱ्यात बसवतेस." आता तो खेळतो. त्याच्या वर्गशिक्षिकेकडे एक चिठ्ठी दिली आहे. धाकटी मैदानाकडे तोंड करून मशीन चालवते, एवढं चालायचंच.

रमजानचंही असंच झालं. छोटेंना रोजे सोडायचे नसत आणि आम्ही धरू देत नव्हतो. रोज्याने ही सूज येते असं नाही, पण जागरण, थकवा, मनाचा ताण यांनी येऊ शकते. डॉक्टरांशी बोलून गोळीच्या वेळा सहरी आणि इफ्तारीला बसवल्या. सूज आली की रोजा सोडायचा आणि नंतर कजा करायचा. आजाऱ्याला दीनने सवलत दिली आहे. ती घेण्यात शरम कसली? पाय सुजला की ते खुर्चीवर नमाज पढतात. पहिल्यांदा मागच्या सफेत तोंड लपवून बसले होते. आता पेशइमामच खुर्ची काढून ठेवतात, कारण आम्ही त्यांना सांगितलं आहे.

सांगणं. या लेखात आम्हाला खरं बोलायचं आहे ते याबद्दल.

थोरलीची मुलगी सोळा वर्षांची असताना तिची पाळी अनियमित झाली. आम्ही गावातल्याच डॉक्टरांकडे गेलो. बाहेर ओळखीची बाई बसली होती, दार अर्धं उघडं होतं. थोरलीने मुलीच्या आजाराचा उल्लेख केला नाही. डॉक्टरांनी रीतसर हॉर्मोनच्या गोळ्या दिल्या. त्यांत इस्ट्रोजेन होतं आणि इस्ट्रोजेनने ही सूज वाढते. तीन आठवड्यांत पोरीला तीनदा सूज आली. चूक डॉक्टरांची नव्हती. आम्ही लाजलो, तिने भोगलं. बारावीच्या एका पेपरला तिचा उजवा हात सुजला होता; तीन बोटांत पेन धरून तिने पेपर लिहिला.

त्याच सुमारास ती नकाब घेऊ लागली. आम्हाला आनंद झाला. पण ती रोज घेत नव्हती, आणि वही पाहिल्यावर लक्षात आलं की नकाबाचे दिवस आणि ओठ सुजल्याचे दिवस एकच आहेत. दीनसाठी घेतला असता तर गोष्ट वेगळी. पोर तोंड लपवत होती, आणि लपवणं ती आमच्याकडूनच शिकली होती.

आता आम्हा दोघींमधली गोष्ट. धाकटीचा निकाह २०१३ मध्ये झाला. अकराव्या दिवशी छोटेंचं पाऊल सुजलं. नव्या नवरीने घाबरून विचारलं तेव्हा थोरलीने सांगितलं, "नवी चप्पल लागली असेल." आजाराचं नाव तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं. पण सूज माहीत होती, अम्मी कशा गेल्या तेही माहीत होतं. रिश्ता ठरताना ते कुणी बोललं नाही, आणि थोरलीही बोलली नाही. चार वर्षांनी आयसीयूच्या दाराबाहेर धाकटीने विचारलं, "भाभी, तुम्हाला ठाऊक होतं?" थोरलीने मान खाली घातली. त्यानंतर कित्येक महिने आम्ही एकाच चुलीवर भाकऱ्या केल्या आणि कामापुरतंच बोललो. थोरलीने माफी मागितली. धाकटीने माफ केलं, पण एक वाक्य म्हणाली, ते थोरलीने इथे जसंच्या तसं लिहावं असा तिचा हट्ट आहे. "मला सांगितलं असतं तरी मी कबूल म्हटलं असतं. पण तुम्ही मला विचारलंच नाही."

गेल्या वर्षी ईदनंतर मुलीसाठी रिश्ता आला. घर चांगलं, मुलगा शिकलेला. आमच्या नणंदबाई म्हणाल्या, "सांगू नका. लग्नानंतर सगळं जुळतं." नणंदबाईंचेही हात अधूनमधून सुजतात, बांगड्या चढत नाहीत. पण त्यांनी तपासणी केलेली नाही, कारण त्यांच्याही घरात लग्नाच्या मुली आहेत. त्यांची भीती आम्हाला समजते. ती आमचीही भीती होती. थोरलीच्या मनात दोन दिवस हेच चाललं होतं, आधी होऊ दे, मग सांगू. तिसऱ्या दिवशी जेवताना धाकटी म्हणाली, "भाभी, अकराव्या दिवशी त्या घरात तिला कुणी चपलेची गोष्ट सांगणार नाही. तिलाच ती रचावी लागेल."

भाईजान आणि थोरली रिपोर्टची झेरॉक्स घेऊन त्या घरी गेले. सगळं सांगितलं. आजार संसर्गाचा नाही, संसार होतो, मुलं होतात, गरोदरपणात जास्त लक्ष ठेवावं लागतं, प्रत्येक मुलाला अर्धी शक्यता असते, गोळ्या-इंजेक्शनचा खर्च असतो. त्यांनी आदराने ऐकलं, चहा दिला. आठ दिवसांनी निरोप आला, इस्तिखारा ठीक आला नाही. आमची त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांना विचारलं गेलं, त्यांनी उत्तर दिलं.

मुलगी चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशी म्हणाली, "अम्मी, त्या घरात मी रोज आरशात आधी ओठ बघितले असते." ती आता बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात मैत्रिणींना तिने स्वतः सांगितलं. तिच्या पर्समध्ये एक कार्ड असतं, मराठीत आणि इंग्रजीत. आजाराचं नाव, ॲलर्जीच्या औषधांनी फरक पडणार नाही हे, कोणतं औषध द्यायचं ते, डॉक्टरांचा आणि घरचा फोन. घशाची सूज असेल तर इंजेक्शन घेऊनही ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यायचं, हेही त्यावर आहे. दुसरा रिश्ता अजून आलेला नाही. येईल तेव्हा आधी कार्ड दाखवू, मग दस्तरखान. इन्शाअल्लाह.

खर्चाबद्दल न बोलता चालणार नाही. छोटेंना डॅनाझॉलच्या गोळ्या चालतात, पण वेळोवेळी लिव्हर तपासावं लागतं. मुलीला त्या देत नाहीत, कारण बाईच्या अंगाला त्यांचे वेगळे त्रास होतात. तिला ट्रॅनेक्सामिक ॲसिड दिलं आहे. घरी एक इंजेक्शन कायम ठेवायचं, तर एकाची किंमत हजारोंत. आम्ही दोघींनी भिशीत एक नंबर फक्त इंजेक्शनसाठी धरला आहे. सूज येऊच नये म्हणून दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं लॅनाडेलुमॅब अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं, रोज घ्यायची कॅप्सूल २०२० मध्ये आली. आजार पूर्ण ताब्यात यावा आणि माणसाने इतरांसारखं जगावं, हेच उपचाराचं ध्येय, असं आता जगभरचे तज्ज्ञ मानतात. आमच्यासारख्या घरांना ते परवडेल असा दिवस यावा, ही दुआ. तोवर प्लाझ्मा, गोळ्या, भिशी आणि वही.

वाचक बहिणींनो आणि भावांनो, तुमच्या घरात कुणाला पुन्हा पुन्हा सूज येत असेल, खाज नसेल, ॲलर्जीच्या औषधाने उतरत नसेल, पोटात कारण न सापडणाऱ्या कळा येत असतील, किंवा घराण्यात कुणी घसा सुजून गेलं असेल, तर डॉक्टरांना विचारा, सी-४ची तपासणी करायची का? ती साध्या रक्ताची तपासणी आहे. ज्यांना हा आजार आहे त्यांनी दात काढण्याआधी आणि कोणत्याही ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगावंच, म्हणजे आधीच बंदोबस्त करता येतो. ब्लडप्रेशरच्या रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्याही त्यांना चालत नाहीत. दुआ करा, दमही करा, आम्हीही करतो. पण उंट बांधून मग तवक्कल करायला आपल्याला शिकवलं आहे. १६ मे हा या आजाराचा जागतिक दिवस असतो. त्या दिवशी थोरली शाळेत मुलांना पंधरा मिनिटं हेच सांगते.

आणि कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर नुस्खे घेऊन जाऊ नका. एक डबा घेऊन जा. रुग्णाजवळ दोन तास बसा आणि घरच्या बाईला म्हणा, तू झोप.

हे वाचून दाखवणं संपलं तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. छोटे दुकान बंद करून आले, हातपाय धुतले, पाणी प्याले. आम्ही दोघी वहीकडे बघत राहिलो. जिन्याकडे वळताना ते थांबले आणि म्हणाले, "आज काही नाही."

आम्ही विचारलं नव्हतं.